पावसाळ्यातले मडगार्ड

पावसात सायकल चालवणाऱ्याला दोन प्रकारचे पाणी भिजवते. एक आभाळातून पडते. ते स्वच्छ असते, वरून येते आणि रेनकोट किंवा पोंचो घातला की बरेचसे अडते. दुसरे रस्त्यावर साचलेले असते. ते टायर उचलतो आणि चाक फेकते. त्यात वाळू असते, माती असते, शेण असते, गाड्यांचे सांडलेले तेल असते, आणि ते खालून येते. रेनकोटाचा घेर खालून उघडा असल्यामुळे तिथे त्याचा काही उपयोग होत नाही. सायकलीला मडगार्ड असते ते या दुसऱ्या पाण्यासाठी. पुण्यासारख्या शहरात वर्षाला पडणारा पाऊस महाबळेश्वरच्या मानाने अगदीच थोडा, पण जुलै-ऑगस्टमध्ये दिवसभर भुरभुर चालू असते आणि रस्ता म्हणून वाळत नाही. अशा दिवसांत सायकलस्वार वरच्या पाण्याने भिजतो त्याहून किती तरी अधिक खालच्या पाण्याने भिजतो. म्हणून मडगार्डची गरज पाऊस किती मिलिमीटर पडला यावर ठरत नाही, रस्ता किती तास ओला राहतो यावर ठरते.

चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग मागच्या अंगाने वर चढतो, माथ्यावरून पुढे सरकतो आणि पुढच्या अंगाने खाली उतरतो. नक्षीत अडकलेले पाणी या वाटेवर जिथे सुटेल तिथल्या स्पर्शरेषेत सरळ उडते. ताशी 20 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या 700सी मापाच्या चाकावर थेंबाला टायर धरून राहायचे असेल, तर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे नऊपट ओढ लागते. पाण्याला एवढी पकड नसते. घाटाच्या उतारावर वेग दुप्पट झाला की हीच ओढ चौपट होते, आणि मग स्वाराला भिजवायला एखादे मध्यम डबकेही पुरते.

मागच्या चाकाच्या अगदी मागच्या टोकाशी सुटलेला थेंब सायकलीच्या दृष्टीने सरळ वर जातो. हवेचा अडथळा बाजूला ठेवला, तर ताशी 20 किलोमीटरला तो सुटल्या जागेपासून दीड मीटर चढू शकतो, म्हणजे थेट डोक्यापर्यंत. त्याहून किंचित वर सुटलेला थेंब पुढे झुकतो आणि पाठीवर आदळतो. शर्टावर कमरेपासून मानेपर्यंत उठणारी चिखलाची उभी रेघ अशी तयार होते, आणि मडगार्ड घ्यायला लोक दुकानात येतात ते बहुतेक वेळा ही रेघ पाहून. पुढच्या चाकाकडे त्यांचे लक्ष उशिरा जाते. वास्तविक नुकसान अधिक करते ते पुढचे चाक. त्याच्या खालच्या-मागच्या पाव भागातून सुटलेले पाणी तिरके मागे येऊन बूट, नडग्या, पेडल, चेन आणि पेडलांचा आस धरणारा बॉटम ब्रॅकेट यांच्यावर सतत मारा करते. माथ्यावरून सुटलेले पाणी जमिनीच्या हिशेबाने सायकलीच्या दुप्पट वेगाने पुढे जाते, हवेमुळे मंदावते आणि मागून येणारा स्वार त्यात तोंड घालतो. चष्म्यावर बसणारे बारीक करडे ठिपके तिथूनच येतात.

शरीर भिजले तर वाळते. यंत्राचे तसे नाही. रस्त्याच्या पाण्यातली बारीक वाळू चेनच्या पिनांमध्ये शिरते, तेलात मिसळते आणि तिथे घासण्याच्या पेस्टसारखी राहते. चेनचा एक सांधा अर्ध्या इंचाचा, म्हणजे 24 सांधे बरोबर 12 इंचांत बसायला हवेत. ते सव्वाबारा इंचांच्या दिशेने सरकू लागले आणि अर्ध्या वाटेवर, म्हणजे एक अष्टमांश इंच जास्त, येऊन पोहोचले की चेन संपली असे धरतात. मडगार्ड नसलेल्या सायकलीची चेन एका पावसाळ्यात या खुणेपर्यंत सहज जाते, आणि ती वेळेत बदलली नाही तर मागची चक्रेही खाते. बॉटम ब्रॅकेटमध्ये आणि हँडलच्या खालच्या कपात पाणी गेले की ग्रीस दुधासारखे पांढरे होते, छर्ऱ्यांना गंजाचे ठिपके पडतात आणि हँडल वळवताना मध्येच अडकल्यासारखे लागते. कोकणात जांभ्याची लाल माती या सगळ्यावर थर धरते. ती धुतली तरी नटांच्या आट्यांत राहते. एक गोष्ट मात्र मडगार्ड करत नाही, आणि ती ग्राहकाला आधीच सांगावी: रिम कोरडी राहत नाही. रिमवर दाबणारे ब्रेक पावसात उशिरा लागतात ते मडगार्ड असले तरी उशिराच लागतात.

जुन्या काळ्या सायकलीला, म्हणजे 28 इंची चाकांच्या, दांड्याच्या ब्रेकच्या सायकलीला, मडगार्डची चर्चा करावी लागत नसे. ते कारखान्यातूनच बसून येई: पोलादी पत्र्याचे, रुंद, कडा आत वळवलेले, मागच्या शेपटीवर पांढरा पट्टा आणि लाल रिफ्लेक्टर. त्या मडगार्डची रुंदी आणि खाली उतरलेली लांबी आजही मोजून घ्यावी अशी आहे. कडा आत वळवल्यामुळे आतून वाहणारे पाणी बाजूंनी न सांडता पन्हळीतून जावे तसे टोकापर्यंत जाते आणि तिथे गळते. त्याच वळवलेल्या कडांमध्ये चिखल साठून राहतो आणि पत्रा आतून गंजतो, ही त्याची उणी बाजू. बाहेरचा काळा रंग चकचकीत असतो आणि बोटाने दाबले तर कडेचा पत्रा पापडासारखा मोडतो. म्हणून पत्र्याच्या मडगार्डला पावसाळ्याआधी आतून हात फिरवून पाहणे हे जुन्या दुकानांतले नेहमीचे काम होते. खरवडून, पुसून आतल्या बाजूला रंगाचा किंवा निदान जुन्या तेलाचा एक हात दिला तर ते आणखी काही वर्षे चालते.

काळ्या जमिनीच्या भागात मात्र हेच भरभक्कम मडगार्ड पावसाळ्यात काढून ठेवण्याची रीत आहे, आणि ती अडाणीपणाची नाही. सोलापूर-मराठवाड्याकडची काळी चिकण माती ओली झाली की टायरला नुसती लागत नाही, तिचा थरावर थर चढतो. पाणंदीतून पन्नास पावले गेले की टायर आणि मडगार्ड यांच्यामधली जागा भरते. मग चाक फिरता फिरता घट्ट होते आणि शेवटी जागच्या जागी थांबते. तिथे शेतकरी सायकल आडवी पाडतो, काडीने किंवा चाकूने आतला गारा टोकरून काढतो, दहा पावले ढकलतो आणि पुन्हा थांबतो. चाक जाम झाल्यावर सायकल खांद्यावर घेऊन डांबरी सडक गाठणारी माणसे त्या भागात नवीन नाहीत. कापडे खराब होतील पण चाक फिरेल, हा तिथला हिशेब बरोबर आहे. मडगार्ड कुठल्या मातीत वापरायचे हे त्यामुळे त्याच्या किमतीच्या आधी विचारायला हवे. डांबर आणि काँक्रीटवर टायर-मडगार्डमध्ये एक सेंटिमीटर मोकळी जागा पुरते, मुरमाच्या रस्त्यावर दीड-दोन सेंटिमीटर हवी, आणि काळ्या मातीत कितीही ठेवली तरी कमीच पडते.

गिअरच्या नव्या सायकली दुकानात येतात तेव्हा बहुतेकींना मडगार्ड नसते. त्यांची घडण शर्यतीच्या किंवा डोंगरातल्या सायकलीवरून घेतलेली आहे, आणि त्या दोन्ही प्रकारांत मडगार्डला वजन आणि अडचण मानतात. घेणारा मात्र त्या सायकलीवरून ऑफिसला जाणार असतो. जूनच्या पहिल्या पावसानंतर तो दुकानात येतो आणि त्याला बहुधा सीटच्या नळीला चिमट्याने अडकवायचे प्लॅस्टिकचे छोटे मडगार्ड दिले जाते. ते पाठीवरची रेघ थोडीफार थांबवते. पाय, चेन आणि मागून येणारा माणूस यांच्यासाठी त्याचा उपयोग नाही. पुढच्या खालच्या दांड्याला रबरी पट्ट्यांनी बांधायचा पत्राही असाच अर्धवट: तो चाकापासून लांब असल्यामुळे पाणी आधी पसरते आणि मग त्यावर येते. ज्याला रोज जायचे आहे त्याने ही दोन्ही साधने चार दिवसांची सोय समजावी आणि पूर्ण लांबीचे मडगार्ड बसवून घ्यावे.

निवडताना पहिली गोष्ट चाकाचे माप, दुसरी टायरची रुंदी. मडगार्ड टायरपेक्षा निदान 10 मिलिमीटर रुंद हवे. 32 मिलिमीटरच्या टायरला 42 ते 45 चे मडगार्ड योग्य. त्याहून अरुंद घेतले तर दोन्ही बाजूंनी पाणी निसटते. चाकाच्या मापात थोडा फरक चालतो, कारण मडगार्डचा कमान-आकार त्याला आसाजवळ धरणाऱ्या काड्यांनी थोडा उघडता किंवा मिटता येतो. पण 26 इंची चाकाचे मडगार्ड 700सी चाकावर ओढून बसवले की ते माथ्यावर टायरला टेकते आणि टोकांशी फाकते. सामग्रीत पोलाद स्वस्त, टणक आणि गंजणारे. जर्मन एसकेएस कंपनीच्या मडगार्डसारखी प्लॅस्टिकच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा घातलेली मडगार्डे हलकी असतात, वाकतात आणि पुन्हा जागेवर येतात. जपानी होंजोसारखी नुसत्या ॲल्युमिनियमची मडगार्डे दिसायला फार देखणी, आतून गुळगुळीत आणि आवाजाला कमी, पण ती चुकीची बसवली तर भोकाशी चिरतात. खड्ड्यांच्या शहरात रोजच्या वापरासाठी थरांचे प्लॅस्टिक सर्वांत समजूतदार निवड ठरते. ॲल्युमिनियम ज्याला बसवायला वेळ आहे त्याने घ्यावे.

बसवण्याचे काम मागच्या चाकापासून सुरू करावे, कारण तिथे फ्रेमला टेकायच्या जागा जास्त असतात आणि चूक लवकर दिसते. आधी चाक काढून मडगार्ड नुसते आत सरकवून पाहावे. बॉटम ब्रॅकेटच्या मागे, चेनकडच्या दोन दांड्यांच्या मधली आडवी नळी आणि सीटकडच्या दोन दांड्यांच्या मधली आडवी नळी, या दोन ठिकाणी ते फ्रेमला बांधले जाते. या दोन्ही नळ्या चाकाच्या आसापासून सारख्या अंतरावर असतीलच असे नाही. एक जवळ, एक लांब असेल तर मडगार्डची कमान चाकाच्या गोलाशी जुळत नाही. अशा वेळी जी नळी लांब आहे तिथे मडगार्ड आणि नळी यांच्यामध्ये रबराचा किंवा नायलॉनचा ठोकळा घालून अंतर भरावे आणि तितका लांब बोल्ट वापरावा. बोल्ट घट्ट करून मडगार्ड ओढून आणणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत महाग वाट आहे. त्या दिवशी सगळे नीट दिसते. मग रोजच्या हादऱ्यांत ओढलेला भाग थकतो आणि काही आठवड्यांनी बोल्टच्या भोकापासून केसासारखी चीर निघते. नियम असा की सगळे बोल्ट सैल असतानाच मडगार्ड आपोआप जागेवर बसले पाहिजे. नंतर पाना फक्त ते तिथे धरून ठेवण्यासाठी फिरवायचा.

त्यानंतर काड्या. मागच्या मडगार्डला साधारण दोन जोड्या असतात, आणि त्या चाकाचा आस जिथे बसतो त्या खाचेच्या वर असलेल्या आटेदार भोकांना लागतात. हे आटे बहुतेक सायकलींवर 5 मिलिमीटरचे असतात. बोल्टला 4 नंबरची ॲलन की, नट असेल तर 8 नंबरचा पाना. वर्षानुवर्षे बोल्ट न लावलेल्या भोकात रंग आणि गंज भरलेला असतो. बोल्ट जबरदस्तीने घुसवण्याआधी त्या आट्यांत टॅप फिरवून घ्यावा, नाहीतर बोल्ट तिरपा चढतो आणि आटेच मरतात. उजव्या बाजूला आणखी एक खबरदारी लागते. बोल्ट गरजेपेक्षा लांब असेल तर त्याचे टोक आतून बाहेर येते आणि चेन सर्वांत छोट्या चक्रावर गेली की ती त्यावर घासते. दुकानात स्टँडवर फिरवून पाहताना चेन मधल्या चक्रावर असते, म्हणून हे लक्षात येत नाही आणि ग्राहक उतारावर मोठा गिअर टाकतो तेव्हा कडकड सुरू होते. मागे कॅरियरही असेल तर कॅरियरचा पाय फ्रेमला लागून आणि मडगार्डची काडी त्याच्या बाहेर घ्यावी. भार कॅरियरवर येतो, आणि तो फ्रेमपासून जितका लांब तितका बोल्टवर त्याचा जोर जास्त.

काड्या बांधून झाल्यावर चाक फिरवून बाजूने पाहायचे. टायर आणि मडगार्ड यांच्यामधली रेघ सर्वत्र सारखी दिसावी असे डोळ्याला वाटते. कामाच्या दृष्टीने थोडा फरक ठेवणे चांगले: टायर मडगार्डमध्ये जिथून शिरतो त्या खालच्या-मागच्या टोकाशी जागा सर्वांत कमी आणि पुढे सरकत जाईल तशी किंचित वाढती. म्हणजे खडा किंवा काटकी आत शिरलीच तर पुढे तिला वाट मोकळी मिळते. उलट ठेवले, शिरताना रुंद आणि पुढे अरुंद, तर आत गेलेली वस्तू मध्ये जाऊन पाचरीसारखी बसते. हा फरक दोन-तीन मिलिमीटरचा असतो, लांबून पाहणाऱ्याला दिसतही नाही, पण बसवणाऱ्याने तो हिशेबात घेतलेला असावा. काड्यांची जास्तीची लांबी शेवटी कापायची आणि कापलेले टोक कानशीने घासून त्यावर रबरी टोपी घालायची. न घासलेले टोक पोटरीला आणि पॅंटला लागते. बोल्टची चपटी डोकी मडगार्डच्या आत आणि नट बाहेर घ्यावेत. नट आत आले तर वाहते पाणी त्यांच्यावर फुटते, बाजूंनी उडते आणि मातीलाही थांबायला जागा मिळते.

पुढचे मडगार्ड एकाच मुख्य ठिकाणी, पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या (फोर्कच्या) माथ्यावर, धरलेले असते. ब्रेकचा बोल्ट जिथून जातो त्याच भोकात त्याची पट्टी लागते. इथे दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक, मडगार्डचे पुढचे टोक चिमट्याच्या पुढे निदान 10 ते 15 सेंटिमीटर गेले पाहिजे. त्याने माथ्यावरून पुढे जाणारे आणि चष्म्यावर येणारे पाणी अडते. दोन, पेडलवर पुढे असलेल्या बुटाचे टोक आणि मडगार्ड यांच्यामधली जागा. लहान फ्रेमच्या सायकलीवर चाक वळवले की बूट मडगार्डला लागतो. सरळ रस्त्यावर हे कधी कळत नाही, सिग्नलला हळू वळताना कळते. हे हँडल वळवून, पेडल पुढे आणून, बूट घालून तपासल्याशिवाय सायकल ग्राहकाच्या हाती देऊ नये. टायर थोडा बारीक घालणे किंवा मडगार्ड चाकाच्या आणखी जवळ आणणे एवढेच उपाय त्यावर आहेत.

पुढच्या मडगार्डचा धोका मात्र याहून गंभीर आहे. रस्त्यावरची वाळकी फांदी किंवा तारेचा तुकडा आऱ्यांत अडकला तर चाक त्याला घेऊन वर चढते, काड्यांच्या आणि मडगार्डच्या मध्ये दाबते, मडगार्ड चुरगळून टायरखाली ओढले जाते आणि पुढचे चाक एकदम थांबते. सायकल थांबते, स्वार थांबत नाही. यासाठी चांगल्या मडगार्डच्या पुढच्या काड्यांना चिमट्याशी जोडणारी प्लॅस्टिकची सुटी पकड असते. जोराची ओढ बसली की काडी त्यातून निसटते आणि मडगार्ड मोकळे होते. काही ठिकाणी ही पकड सारखी सुटते म्हणून तिच्या जागी साधा बोल्ट मारून देतात. ते करू नये. पकड सुटत असेल तर ती जुनी झाली आहे किंवा काडी ओढलेली आहे. पकड बदलावी, काडी नीट करावी, पण सुटण्याची सोय काढून घेऊ नये. पत्र्याच्या रुंद मडगार्डमध्ये जागा भरपूर असल्याने हा धोका कमी, नाहीसा नव्हे.

मडगार्डसाठी भोकेच नसलेल्या सायकली हा दुकानातला रोजचा प्रश्न. त्यावर चिमट्याच्या किंवा मागच्या दांड्याच्या भोवती रबरी अस्तराची पत्र्याची कडी वळवून तिच्यावर काडी बसवतात. कडीखाली जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली तर रंग खराब होत नाही आणि कडी फिरतही नाही. कार्बनच्या चिमट्यावर मात्र अशी कडी आवळू नये. धातू दाबला तर खूण पडते, कार्बन आतून तुटतो आणि बाहेरून कळत नाही. डिस्क ब्रेकच्या सायकलीत डाव्या बाजूचा कॅलिपर काडीच्या वाटेत येतो. तिथे 10-15 मिलिमीटरची नळी मध्ये घालून लांब बोल्टने काडी बाहेर काढावी, किंवा काडीलाच पक्कडीने कॅलिपरला वळसा घालणारा हलका बाक द्यावा. बाक देताना काडी पक्कडीत धरून दुसऱ्या हाताने वाकवायची, मडगार्डला लावलेल्या अवस्थेत नाही.

सर्वांत अवघड म्हणजे शर्यतीच्या घडणीची सायकल. तिथे ब्रेक आणि टायर यांच्यात पत्रा जाईल एवढीही फट नसते. अशा सायकलीसाठी मडगार्ड ब्रेकच्या जागी कापून दोन तुकड्यांत बसवावे लागते. एक तुकडा चिमट्याच्या पुढे, दुसरा मागे. दोघांना पातळ ॲल्युमिनियमची पट्टी बाजूने वळसा घालून जोडते. ब्रेकच्या खाली तीन-चार सेंटिमीटरची उघडी जागा राहते आणि तिथून थोडे पाणी ब्रेकवर जाते, पण पाय आणि चेन वाचतात. कापण्याआधी मडगार्ड जागेवर लावून आतून पेन्सिलने ब्रेकची सावली आखून घ्यावी, करवतीच्या बारीक पात्याने कापावे आणि कड कानशीने गोल करावी. नव्या भोकासाठी आधी पंचने खूण करून मग ड्रिल लावावा. नाहीतर गोल पृष्ठभागावरून ड्रिल घसरतो. ॲल्युमिनियममध्ये पाडलेल्या भोकाची कड दोन्ही बाजूंनी साफ केली नाही तर चीर तिथूनच सुरू होते. सस्पेन्शनच्या चिमट्यावर चाक खाली-वर होते, म्हणून मडगार्ड चिमट्याच्या हलणाऱ्या खालच्या भागालाच धरायला हवे. माथ्याला धरले तर पहिल्याच खड्ड्यात टायर त्याला मारतो.

आता फ्लॅप. मडगार्डच्या खालच्या टोकाला लटकणारा हा रबराचा तुकडा पुढच्या चाकासाठी मडगार्डइतकाच महत्त्वाचा आहे, कारण दुकानातून आलेले जवळजवळ प्रत्येक पुढचे मडगार्ड खालच्या बाजूला अपुरे असते. ते आसाच्या पातळीच्या थोडेसेच खाली संपते, आणि बूट भिजवणारे पाणी तर त्याच्याही खालून सुटते. फ्लॅपचे खालचे टोक रस्त्यापासून पाच ते सात सेंटिमीटरवर आणले की फरक पहिल्याच ओल्या दिवशी कळतो: बूट बाहेरून ओले होतात पण मोजे कोरडे राहतात. फ्लॅप खाली जाताना रुंद होणारा कापावा, कारण पाणी सरळ रेषेत न येता पंख्यासारखे फाकते. जुन्या मोटारसायकलच्या टायरचा बाजूचा भाग, ट्रकच्या फ्लॅपचे उरलेले रबर, दारातल्या रबरी मॅटचा तुकडा, यातले काहीही चालते. दोन-तीन मिलिमीटर जाड असावे. सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबर फार लवचिक; वाऱ्याने ते मागे उडते आणि असून नसल्यासारखे होते. तेलाच्या कॅनचे प्लॅस्टिक आणि पाट्यांसाठी वापरतात ती सनपॅक शीट दोन्ही कडक असतात. फुटपाथच्या कडेला किंवा जिन्याच्या पायरीला टेकली की ती मडगार्डलाच वर ढकलतात आणि काडी वाकते. म्हणून कडक वस्तू फ्लॅपसाठी नको. मडगार्ड लांबवण्यासाठी मधल्या भागात चालेल. फ्लॅप दोन बोल्टांनी किंवा पॉप रिव्हेटने लावावा आणि बाहेरून पत्र्याची छोटी पट्टी द्यावी, म्हणजे रबर भोकाशी फाटत नाही.

मागच्या मडगार्डचा फ्लॅप स्वतःसाठी नसतो. तो मागून येणाऱ्यासाठी असतो. पावसाळ्यात पुणे-मुंबईकडचे सायकलस्वार ताम्हिणी घाटात किंवा मुळशीच्या वाटेने गटागटाने जातात, आणि 200 किलोमीटरचे अंतर साडेतेरा तासांत पुरे करायच्या ब्रेव्हेसारख्या दीर्घ पल्ल्यावर एकमेकांच्या आडोशाने जाणे शक्तीची मोठी बचत असते. पुढच्याच्या मागच्या चाकाला फ्लॅप नसेल तर मागचा तासन्‌तास तोंडावर गढूळ पाणी घेतो किंवा आडोसा सोडून बाजूने जातो. इथे फ्लॅप जमिनीपासून वीतभर वर संपला तरी चालत नाही. तोही पुढच्याइतकाच खाली हवा. गटात जाणाऱ्याने तो लावणे हे शिष्टाचाराचेच काम समजावे.

चालू झालेल्या मडगार्डची तक्रार येते ती बहुधा आवाजाची. खडखडाट ऐकू आला की आधी बोल्ट पाहावेत, मग मडगार्ड फ्रेमला जिथे टेकते ती जागा. धातू धातूवर बसला असेल तिथे चामड्याचा किंवा रबराचा वायसर घातला की बहुतेक आवाज थांबतो. साधे नट खड्ड्यांच्या रस्त्यावर आठवड्यात सैल होतात. आत नायलॉनची कडी असलेले नट वापरावेत, आणि जिथे फ्रेमच्याच आट्यांत बोल्ट जातो तिथे आटे पकडणाऱ्या द्रवाचा एक थेंब द्यावा. आवाज असूनही सगळे घट्ट असेल तर मडगार्डमध्ये चीर गेली आहे असे समजून ती शोधावी. ती बहुधा माथ्याच्या बोल्टाशी, आतल्या बाजूला, मातीखाली असते. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडले तर ती पुढे सरकायची थांबते, आणि आतून पातळ पत्र्याचा तुकडा रिव्हेट करून हंगाम काढता येतो.

पंक्चरचा प्रश्न पावसात वाढतो, कारण ओल्या रबरात काच लवकर शिरते. काळ्या सायकलीच्या मागच्या चाकाची खाच मागे उघडते, त्यामुळे चाक काढायचे तर टायर मडगार्डवर आदळतो. पंक्चरवाले म्हणून चाक न काढताच टायरची एक बाजू उघडतात, ट्यूब ओढून बाहेर घेतात आणि तिथेच ठिगळ लावतात. खाली उघडणाऱ्या खाचेच्या नव्या सायकलींना ही अडचण नाही, पण फ्लॅप लांब असेल तर सायकल उलटी करून ठेवताना तो दुमडला जात नाही ना हे पाहावे.

ऑक्टोबरमध्ये पाऊस उघडला की मडगार्ड काढून धुवावे. पाण्याचा जोराचा फवारा नको. तो छर्ऱ्यांच्या कपात पाणी घालतो. बादली, जुना ब्रश आणि साबणाचे पाणी पुरते. आतली माती वाळण्याआधी निघते, वाळल्यावर ती खरवडताना रंग घेऊन येते. प्लॅस्टिकच्या मडगार्डच्या काड्यांच्या पकडी, नटांतल्या नायलॉनच्या कड्या आणि रबरी वायसर हे तिन्ही एका हंगामाचे सामान समजून बदलावेत. काड्यांवर गंजाचे डाग असतील तर बारीक पॉलिश कागदाने घासून तेलाचे बोट फिरवावे. आटेदार भोकांत ग्रीस भरून बोल्ट परत लावून ठेवावेत, मडगार्ड वापरायचे नसले तरी, म्हणजे पुढच्या जूनमध्ये ती भोके मोकळी सापडतात.